सातबाऱ्यावर आईचं नाव: मागचा इतिहास

नव्वदी ओलांडून गेलेल्या शेतकरी आईबद्दल चार ओळी लिहायच्या म्हटलं, की पहिल्यांदा तारखांपाशी अडतं. जन्मदाखला नसतो, शाळा झालेली नसते, आणि आधारवर बहुतेकदा १ जानेवारी व अंदाजाचं साल असतं. अशा वेळी तालुक्याच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, बघावं. ते माहेरच्या गावाचं मागायचं. सासरच्या गावाचं मागून पुष्कळांची खेप वाया जाते. जुनी पानं मोडी लिपीत असतात आणि त्यांत बऱ्याचदा बापाचं नाव नि ‘मुलगी’ एवढीच नोंद असते, म्हणून भावंडांचा क्रम आधी विचारून ठेवावा. तेही नसेल तर घरातल्या म्हाताऱ्यांना घटनांवरून विचारावं. कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा थोरला केवढा होता? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जाताना कडेवर कोण होतं?

वय असं जुळवता येतं. जमिनीच्या कागदावर तिचं नाव शोधणं मात्र अवघड जातं.

जुन्या सातबाऱ्याच्या खालच्या भागात, गाव नमुना १२ मध्ये, ‘जमीन करणाराचे नाव’ आणि ‘रीत’ असे रकाने असत. नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘खुद्द’ लिहिलं की पीकपाहणी पुरी झाली. निंदणी-खुरपणी, काढणी, खळ्यावरची उफणणी, उभ्या ज्वारीत हिंडून बियाण्याची ठसठशीत कणसं हेरणं, ती वेगळी मळून कडुनिंबाच्या पाल्यात पुढच्या पेरणीपर्यंत राखणं, यातलं बरंचसं बाईच्या हातचं. त्यासाठी कुठलाही रकाना नव्हता.

मालकीच्या बाजूला तर एकत्र कुटुंबात एकच नाव लागे: थोरल्या भावाचं, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नवरा अकाली गेला आणि मुलं लहान असली, तर मुलाचं नाव मालक म्हणून आणि पुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाची पालनकर्ती. पीककर्जासाठी सोसायटीत जाणारी, सारा भरणारी तीच, पण मुलगा सज्ञान झाला की तिचं नाव निघून जाई. जुने उतारे चाळताना ही तीन अक्षरं दिसली, की त्या बाईने किती वर्षं एकटीने शेत ओढलं याचा हिशेब लागतो. तिच्या कष्टांचा एवढा स्पष्ट लेखी पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडतो.

कायदा हळूहळू बदलला. १९३७च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण हयातीपुरता. शेतजमिनीला तो लागू करायला प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. १७ जून १९५६ला हिंदू उत्तराधिकार कायदा आला. विधवा, आई, मुलगे, मुली हे सारखे वारस ठरले आणि कलम १४ने विधवेचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला.

पण हिस्सा मोजायचा कसा, यावर वाद राहिला. सांगलीच्या न्यायालयात १९६२ साली एका विधवा आईने वाटणीचा दावा लावला. मागे ती, दोन मुलगे, तीन मुली. समजा जमीन २४ एकर आहे. आधी नवरा, बायको आणि दोन मुलगे यांच्यात वाटप झालं असं धरायचं: प्रत्येकी ६ एकर. मग नवऱ्याचे ६ एकर सहा वारसांत: प्रत्येकी १. म्हणजे आईचे ७ एकर. खालच्या न्यायालयाने तिला १/२४च देऊ केला. उच्च न्यायालयाने ७/२४ दिला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच कायम केला. मुलींना मात्र एकेकच एकर. ती तफावत महाराष्ट्राने २२ जून १९९४ला, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींपुरती, आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ला सगळ्याच मुलींसाठी मिटवली. आज त्याच कुटुंबात आई आणि पाचही मुलांना ४-४ एकर येतात.

हे सगळं नवरा गेल्यानंतरचं. तो असतानाच तिचं नाव लागावं, ही मागणी शेतकरी संघटनेने रेटली. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: गावातल्या किमान शंभर घरांनी बायकोच्या नावे जमीन करावी. १९९२ साली शासनाने परिपत्रक काढून नवऱ्याच्या राजीखुशीने बायकोचं नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली.

वारसनोंदीची रीत अशी आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. नोंद वारस नोंदवहीत (६-क), मग फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल नोंदवणाऱ्या वहीत. नोटिशीनंतर १५ दिवसांत हरकत आली नाही, तर मंडळ अधिकारी ती मंजूर करतो. घोळ होतो तो यादीत. ‘आई आपल्याकडेच आहे’ म्हणून तिचं नाव गाळलं जातं, किंवा दशक्रियेच्या गर्दीतच तिचा अंगठा हक्कसोडपत्रावर घेतला जातो. नोंदणीकृत हक्कसोड सहसा मागे फिरत नाही, त्यामुळे तिची घाई करू नये. दुसरी अडचण नावाची: माहेरच्या कागदात एक, लग्नात बदललेलं दुसरं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

२०२५च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावणं हाती घेतलं गेलं. त्याआधी, १ मे २०२४पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांत बापाच्या आधी आईचं नाव येऊ लागलं.

आईबद्दल लिहिणाऱ्याने नवऱ्याच्या मृत्यूनंतरचा जुना फेरफार जरूर काढावा. सातबाऱ्यावर गोलात दिलेला आकडा हाच त्याचा क्रमांक. त्यात वारसांची नावं असतात, पुष्कळदा वयंही, आणि ‘बायको’ म्हणून तिची नोंद असेल तर तिच्या वयाचा तो सर्वांत जुना कागद ठरू शकतो.