ओल्या पाइपाला चालणारा जोड: पुश-फिटची पार्श्वभूमी

पुश-फिट म्हणजे पाइप नुसता आत ढकलून बसवायचा जोड. तो का हवा झाला, ते आधी पाहू. पाइप गळू लागला की भोकापेक्षा पाइपात उरलेलं पाणीच जास्त छळतं. मुख्य कॉक बंद केला, खालचे-वरचे सगळे नळ उघडून टाकले, तरी कुठल्यातरी वळणात साचलेलं पाणी कापलेल्या टोकाशी थेंबथेंब येतच राहतं. तांब्याच्या पाइपाला डाख द्यायचा असेल तर हे थेंब घात करतात. कथिल-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतो, बिनशिशाचा त्याहून बराच वर. पाणी मात्र १०० अंशांवरच उकळतं. पाइपात पाणी आहे तोवर ज्योतीची उष्णता तेच खातं, आणि निघालेली वाफ डाखात बारीक छिद्रं पाडते. यावरचा जुना तोडगा म्हणजे पाइपात पावाचा गर कोंबायचा. पाव पाणी धरून ठेवतो तेवढ्यात जोड उरकायचा, मग पाणी सोडून लगदा बाहेर काढायचा. (नळाची जाळी आधी काढून ठेवली नसेल तर तो लगदा तिथेच बसतो, हे ओघाने आलंच.)

आग नको असेल तर पर्याय होते. लोखंडी पाइपाला आटे पाडून त्यावर सुतळी आणि सफेता लावायचा, पण भिंतीत बसलेल्या पाइपाला आटे पाडणार कसे? तांब्यासाठी कॉम्प्रेशन जोड होता. पाइपावर पितळी कडी चढवायची आणि नट आवळून ती दाबायची. तो ओल्या पाइपावरही बसतो, त्यामुळे दुरुस्तीत त्याने खूप काम केलं आणि अजूनही करतो. मात्र त्याला दोन पाने फिरतील एवढी जागा लागते आणि किती आवळायचं याचा हातातला अंदाज लागतो. कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर कडी पाइपालाच चेपते.

पुश-फिट जोडाला जो भाग लागणार होता, तो पाण्याच्या धंद्याबाहेर तयार झाला. नील्स क्रिस्टेन्सन हे डेन्मार्कमध्ये जन्मलेले आणि १८९१ साली अमेरिकेत गेलेले यंत्रज्ञ. ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकवर त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला होता. १९३७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तीच आजची ओ-रिंग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणांसाठी हे पेटंट ताब्यात घेतलं आणि ओ-रिंग सगळ्या उद्योगांत पसरली. तिची खुबी अशी की ती आवळावी लागत नाही. खाचेत ती थोडी दबून बसते, आणि आतला दाब वाढला की तोच दाब तिला फटीकडे रेटून आणखी घट्ट करतो. पाना फिरवून जे साधायचं ते इथे पाण्याचा किंवा हवेचा दाब स्वतःच करतो.

गळती थांबवायचं काम ओ-रिंगने केलं, पण पाइप निसटू नये म्हणून त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. हा प्रश्न आधी सोडवला तो कारखान्यांतल्या दाबाच्या हवेच्या नळ्यांसाठी. यंत्रांवर अशा नळ्या शेकड्यांनी असतात आणि त्या वारंवार काढाव्या-घालाव्या लागतात. तिथे प्रत्येक टोकाला नट आवळत बसणं कोणालाच परवडत नव्हतं. युरोपात अनेकांनी यावर काम केलं. त्यांतलं पुढे सर्वाधिक गाजलेलं नाव ब्रिटनमधल्या जॉन गेस्ट यांचं. त्यांची कंपनी १९६१ची, आणि सत्तरच्या दशकात तिने हवेच्या नळ्यांसाठी ढकलून बसवायचे जोड बाजारात आणले. तिथून ते पेयं वाहून नेणाऱ्या नळ्यांत गेले, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांत गेले. घरातल्या आरओ यंत्राची पांढरी बारीक नळी ज्या प्लास्टिकच्या जोडात खुपसलेली दिसते, तो याच कुळातला.

आतली रचना पाहिली की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. तोंडाशी एक कॉलर, तिच्या मागे स्टेनलेस स्टीलची दातेरी कडी, तिच्या मागे ओ-रिंग आणि शेवटी पाइप अडावा म्हणून एक पायरी. कडीचे दात आतल्या बाजूला कललेले असतात. पाइप आत जाताना ते बाजूला होतात. बाहेर ओढला की धोतरात घुसलेल्या कुसळासारखे आणखी रुततात. कॉलर दाबून धरली की दात उचलले जातात आणि पाइप सुटतो.

पिण्याच्या पाण्यात हा जोड रुळायला ब्रिटनमध्ये सोपं गेलं, कारण ऐंशीच्या दशकात तिथे पॉलिब्युटिलीनचे लवचीक पाइप आणि पुश-फिट जोड अशी जोडी एकत्रच आली. याच प्लास्टिकची अमेरिकेतली कथा वेगळी आहे. तिथे १९७८पासून पॉलिब्युटिलीनचे पाइप घराघरांत बसले, पण बरेचसे जोड अ‍ॅसिटल प्लास्टिकचे, पाइपाच्या आत घालून बाहेरून धातूची कडी चेपलेले. काही वर्षांत जोड तडकू लागले, पाइपही ठिसूळ होऊ लागले. पाण्यातल्या क्लोरीनला त्याचा दोष दिला गेला. १९९५ साली सामूहिक दाव्यात किमान ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि तो पाइप तिथल्या बाजारातून गेला. ब्रिटनमध्ये तो आजही विकला जातो. अमेरिकेतल्या जुन्या प्लंबरांना झटपट प्लास्टिक जोडांचा जो राग आहे, त्यातला निम्मा तरी या प्रकरणाचा असावा, असं मला वाटतं.

म्हणूनच अमेरिकेत पुश-फिट आला तो पितळेच्या अंगाने. मूळच्या ऑस्ट्रेलियन रिलायन्स वर्ल्डवाइड कंपनीने २००४ साली तिथे शार्कबाइट हे नाव आणलं. (याच कंपनीने २०१८ मध्ये जॉन गेस्टही विकत घेतली.) वेळ नेमकी जुळली होती. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना शिशाचा डाख वापरायला अमेरिकेत १९८६च्या कायद्याने बंदी आली होती, आणि बिनशिशाच्या डाखाला ताप जास्त लागतो. शिवाय एकाच घरात तांबं, सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं कडक प्लास्टिक) आणि पेक्स (लवचीक पॉलिथिलीन) असे तीन पाइप सापडू लागले होते. तिथे हे तिन्ही पाइप तांब्याच्या मापाच्या बाह्य व्यासावर बनतात, म्हणजे अर्धा इंची म्हटलेला पाइप बाहेरून पाच अष्टमांश इंच, सुमारे १५.९ मिलिमीटर. त्यामुळे एकच जोड तिघांना चालतो. एका तोंडात जुनं तांबं आणि दुसऱ्यात नवं पेक्स. दुरुस्तीला याहून सोयीचं काही नाही. मात्र ब्रिटिश पाइप बरोबर १५ मिलिमीटरचा आहे. फरक डोळ्याला दिसत नाही, पण एकाचा जोड दुसऱ्यावर लावायचा नसतो. लोखंडी पाइपाचा बाह्य व्यास तर निराळाच.

सोय झाली म्हणून कसब संपलं, ही समजूत चुकीची आहे. सगळी भिस्त आता कापलेल्या टोकावर येऊन पडली. टोक काटकोनात सरळ कापलेलं हवं आणि कडेची बर, म्हणजे कापताना उठलेली धार, काढलेली हवी. करवतीने घाईत कापलेल्या तांब्याची कड ओ-रिंगवरून घासत गेली की रबराला बारीक चीर पडते. ती चीर त्या दिवशी गळेल असं नाही, आणि तेच वाईट. पाइपावर आधी खोलीची खूण करायची, मग खुणेपर्यंत ढकलायचा. अर्धवट गेलेला पाइप हाताला घट्ट लागतो, पण दाबाखाली निसटतो. पेक्ससारख्या मऊ पाइपाच्या टोकात आधाराची नळी लागते, नाहीतर दातांच्या पकडीत तो आत दबतो. ही नळी जोडातच बसवलेली नसेल तर वेगळी घालावी लागते. ओ-रिंग बहुधा ईपीडीएम रबराची असते आणि खनिज तेलाने फुगते, म्हणून पाइप सहज सरकावा यासाठी हाताशी असलेलं ग्रीस लावणं घातक.

भिंतीआड हे जोड गाडावेत का, यावर वाद अजून आहे. अमेरिकेत पुश-फिटसाठी एएसएसई या प्लंबिंग संस्थेचं १०६१ हे मानक आहे. नावाजलेले पितळी जोड २०० पीएसआय (दर चौरस इंचाला २०० पौंड) दाब आणि ९३ अंश सेल्सिअस तापमानापर्यंतचे म्हणून विकले जातात आणि भिंतीत, जमिनीखाली वापरायला त्यांना मान्यताही मिळते. तरी डाख देणारे कारागीर रबराचं वय पुढे करतात, आणि त्यात तथ्य आहे: तांब्याचा चांगला डाख पन्नास वर्षं टिकलेला पाहायला मिळतो, आणि हे पितळी जोड अजून पंचविशीही पार केलेले नाहीत. माझ्या मते उघड्या जागी, मध्यरात्री, पाणी ठिबकत असताना पुश-फिटला तोड नाही. फरशीखाली कायमचं गाडायचं असेल आणि वेळ हाताशी असेल, तर डाख बरा. आणखी एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. जुन्या घरांत विजेची अर्थिंग कधीकधी धातूच्या पाइपाला बांधलेली असते. मधला तुकडा कापून तिथे प्लास्टिकचा जोड किंवा पेक्स घातला की ती वाट तुटते, आणि पाण्याची गळती थांबली तरी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग पुन्हा जोडून घ्यावी लागते.