सॅटेलाइटचा फोटो म्हणजे तयार नकाशा नव्हे

"आता सॅटेलाइट आहेत, आर्क्टिकचा नकाशा घरबसल्या होतो, जमिनीवर जायची गरजच काय?" हे वाक्य बरीच वर्षं फिरतंय आणि ते अर्धंच खरं आहे.

फोटोतला प्रत्येक पिक्सेल पृथ्वीवर नेमका कुठे बसतो हे नुसत्या फोटोवरून पक्कं कळत नाही, कॅमेरा थोडा तिरका असतो, डोंगराचा माथा फोटोत बाजूला सरकलेला दिसतो, म्हणून कंट्रोल पॉइंट लागतात, म्हणजे ज्याचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधीच मोजलेली आहे आणि जो फोटोतही स्पष्ट ओळखू येतो असा बिंदू. शहरात रस्त्यांचा चौक चालतो. उत्तरेत चौक आणायचा कुठून? बर्फाची कड तर दर महिन्याला हलते, मग उघडा खडक नाहीतर तळ्यातलं खडकाळ टोक शोधत बसायचं.

कॅनडातलं लॅंडसॅट बेट बघा. 1972 ला सोडलेल्या लॅंडसॅट 1 या सॅटेलाइटच्या फोटोत लॅब्राडोरच्या किनाऱ्यापासून साधारण 20 किमीवर एक ठिपका दिसला, बेट जेमतेम 25 बाय 45 मीटरचं, म्हणजे एका पिक्सेलहूनही लहान! खात्री करायला 1976 मध्ये माणूसच पाठवला, त्याला हेलिकॉप्टरमधून खाली सोडलं तर म्हणे बेटावर बसलेल्या पांढऱ्या अस्वलाने पंजाच मारला.

आता जीपीएस आणि स्टार ट्रॅकरमुळे (ताऱ्यांवरून सॅटेलाइटचं तोंड कुठे आहे ते सांगणारं यंत्र) पॉइंट कमी लागतात हे मान्य, पण आर्क्टिकडीइएमच्या, म्हणजे सॅटेलाइट फोटोंवरून केलेल्या आर्क्टिकच्या उंची-नकाशाच्या, उंच्यासुद्धा आइससॅट या उंची मोजणाऱ्या सॅटेलाइटच्या लेझर मोजणीशी जुळवून घेतल्यात, म्हणजे कंट्रोल आहेच, फक्त तोही आता वरून येतो.