मेल तुमच्याच पत्त्यावरून: चाळीस वर्षांमागची गोष्ट

तुमचं खातं मी ताब्यात घेतलंय, खोटं वाटत असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बघा, तो तुमचाच आहे. अमुक इतके बिटकॉइन पाठवा, नाहीतर तुमचे खासगी व्हिडिओ सगळ्यांना पाठवतो. अशा आशयाचे मेल २०१८ च्या शेवटच्या महिन्यांत जगभर फिरले आणि अजूनही येतात. त्याआधी जुलैमध्ये आलेल्या लाटेत धमकीबरोबर माणसाचा एखादा जुना, खरा पासवर्ड असे. कुठल्या तरी संकेतस्थळाच्या फुटलेल्या डेटातून उचललेला. पुढच्या लाटेत त्याचीही गरज उरली नाही. ‘फ्रॉम’समोर स्वतःचा पत्ता दिसला की भलेभले हबकतात, रात्रभर झोपत नाहीत, लाजेपोटी घरातही बोलत नाहीत. म्हणून हे नीट सांगायला हवं: त्या ओळीत काय लिहायचं ते पाठवणारा ठरवतो. त्यासाठी खातं फोडावं लागत नाही.

याचं मूळ ऑगस्ट १९८२ मध्ये आहे. त्या महिन्यात जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ हा नेटवर्कच्या नियमांचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि एसएमटीपी ही मेल पोचवण्याची पद्धत ठरली. मेलच्या आतल्या ओळी कशा असाव्यात हे डेव्हिड क्रॉकर यांच्या आरएफसी ८२२ ने ठरवलं. मेल आजही त्याच वळणाने जातो. पाठवणारा संगणक ‘हेलो’ म्हणून आपलं नाव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ आणि एक पत्ता. समोरून २५० हा आकडा येतो, म्हणजे ठीक. मग ‘आरसीपीटी टू’ आणि ज्याला मेल जायचा त्याचा पत्ता, पुन्हा २५०. मग ‘डेटा’, त्यावर ३५४, म्हणजे बोल. आता फ्रॉम, टू, सब्जेक्ट या ओळी, एक रिकामी ओळ, मजकूर आणि शेवटी ओळीवर एकटं टिंब. २५०, मेल स्वीकारला.

या संवादात ‘फ्रॉम’ दोनदा आला. पहिला पाकिटावर लिहिलेला पत्ता, मेल पोचला नाही तर परत कुठे पाठवायचा ते सांगणारा. दुसरा आतल्या कागदाच्या डोक्यावरचा. वाचणाऱ्याला दिसतो तो आतला. हे दोन्ही जुळतात का, पाठवणारा खरंच तोच आहे का, हे विचारणारी पायरी मूळ पद्धतीत नव्हतीच.

हा काही निष्काळजीपणा नव्हता. तेव्हा अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, संगणक होते काही शे, तेही विद्यापीठांचे, संशोधन संस्थांचे, लष्कराचे. शिवाय दुसऱ्याच्या वतीने मेल पाठवणं हे रोजचं, रास्त काम होतं. साहेबांच्या नावे सचिवाने पाठवलेल्या मेलसाठी आरएफसी ८२२ मध्ये ‘सेंडर’ अशी वेगळी ओळच आहे. तरी खोटं नाव लावणं किती सोपं आहे हे लवकरच दिसलं: १ एप्रिल १९८४ रोजी ॲमस्टरडॅमच्या पीट बीर्टेमा यांनी सोव्हिएत नेते चेर्नेन्को यांच्या नावाने यूझनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर संदेश टाकला आणि अनेकांना तो खरा वाटला.

नव्वदच्या दशकात स्पॅम, म्हणजे न मागितलेले घाऊक जाहिरातींचे मेल, पाठवणारे धंदेवाले आले. सेंडमेल हा तेव्हाचा सर्वत्र वापरला जाणारा मेल सर्व्हर कुणाचाही मेल कुणालाही पुढे पोचवायचा. ही मोकळीक १९९८ च्या ८.९ आवृत्तीत मूळ मांडणीतून काढली गेली. १९९७ मध्ये जोज डॉट कॉम या लोकांना मोफत वेबपानं देणाऱ्या संकेतस्थळाच्या मालकाने एका स्पॅमवाल्याचं खातं बंद केलं, तर त्याने सूड म्हणून त्याच मालकाच्या नावाने स्पॅम पाठवला. चिडलेल्या लोकांच्या उत्तरांचा लोंढा निरपराध माणसावर कोसळला. पुढे क्लेझ या व्हायरसने याला यंत्राची गती दिली. लागण झालेल्या संगणकातून एक पत्ता ‘टू’साठी घ्यायचा, दुसराच ‘फ्रॉम’साठी. २००२ मध्ये असंख्य लोकांना न पाठवलेल्या मेलबद्दल बोलणी खावी लागली.

मग नेमका तुमचाच पत्ता का? कारण तो स्पॅमवाल्याच्या हातात असतोच. ज्याला मेल पाठवायचा त्याचाच तो. स्पॅम अडवणाऱ्या काही गाळण्या ओळखीच्या पत्त्यांना सूट देतात आणि आपला पत्ता आपल्याच यादीत बहुधा असतो. आणि स्वतःकडून आलेला मेल माणूस उघडून पाहतोच. माझ्या मते हे तिसरं कारण सगळ्यांत भारी आहे.

एप्रिल २००१ मध्ये जॉन क्लेन्सिन यांनी संपादित केलेल्या आरएफसी २८२१ ने लिहूनच टाकलं की एसएमटीपी मेल मुळातच असुरक्षित आहे. मग कुलपं बसू लागली, पण घर बांधून झाल्यावर. एसपीएफमध्ये डोमेनचा, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक जाहीर करतो की माझ्या नावाचा मेल अमुक सर्व्हरांवरूनच निघतो. पण ते तपासतं पाकिटावरचा पत्ता. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. पण सही करणारं डोमेन आणि दिसणारा ‘फ्रॉम’ एकच हवं असं बंधन त्यात नाही. म्हणजे वाचणाऱ्याला दिसणारी ओळ मोकळीच राहिली. तिला हात घातला २०१२ मध्ये जाहीर झालेल्या डीमार्कने: दिसणारं डोमेन या दोहोंपैकी एकाशी तरी जुळलं पाहिजे, नाहीतर मेल घेणाऱ्या सर्व्हरने डोमेनचा मालक सांगेल तसं वागायचं.

या कडकपणाची किंमत एप्रिल २०१४ मध्ये कळली. याहूने आपल्या पत्त्यांसाठी ‘न जुळल्यास नाकारा’ असा नियम लावला आणि मेलिंग लिस्ट, म्हणजे एकाचा मेल सगळ्या सदस्यांना पोचवणाऱ्या याद्या, कोलमडल्या. याहूवाल्या सदस्याचा मेल लिस्टचा सर्व्हर पुढे पाठवी, तो याहूकडून थेट आलेला नसल्याने जीमेल तो नाकारी, आणि नकार मोजून लिस्ट भलत्याच, जीमेलवाल्या सदस्यांना वगळून टाकी. म्हणूनच अनेक संस्था आजही डीमार्कचा नियम ‘काही करू नका, फक्त कळवा’ या पायरीवर ठेवतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. पण छोट्या कंपनीच्या किंवा शाळेच्या स्वतःच्या डोमेनवर कडक नियम नसेल, तर बाहेरून आलेला तुमच्याच पत्त्याचा मेल तिथे अजूनही इनबॉक्सपर्यंत येऊ शकतो.

असा मेल आलाच तर जीमेलमध्ये तीन ठिपक्यांवर टिचकी मारून ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ आणि डीमार्कपुढे ‘फेल’ दिसलं तर तो बाहेरून आलाय; पैसे द्यायचे नाहीत, उत्तरही नाही. मात्र ‘सेंट’मध्ये तुम्ही न लिहिलेले मेल असतील, किंवा सेटिंगमध्ये अनोळखी फॉरवर्डिंग पत्ता असेल, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा पासवर्ड तिथल्या तिथे बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा आणि इतर उपकरणांवरून साइन आउट करा.