ट्रॅक डे : मोटारसायकल आणि कार

बंदिस्त शर्यतमार्गावर शुल्क भरून स्वतःची गाडी मनसोक्त पळवण्याचा दिवस म्हणजे ट्रॅक डे. ही शर्यत नव्हे. इथे नंबर नाही, बक्षीस नाही. अनुभवानुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाला पाळीपाळीने पंधरा-वीस मिनिटे सोडतात. मोटारसायकली आणि कार एकाच पाळीत सोडत नाहीत. दोघांची ब्रेक मारायची जागा वेगळी, वळणातली वाट वेगळी. आणि धडक झालीच तर पत्रा एकाच बाजूला असतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात हौशी चालकांची वाण नाही, ट्रॅकची आहे. सर्वांत जवळचा ट्रॅक कोल्हापूरचा, मोहिते रेसिंग अकॅडमीचा. तो मुळात गो-कार्टसाठी बांधलेला, आखूड आणि वळणावळणांचा, त्यामुळे लहान इंजिनाच्या मोटारसायकलीला सोयीचा. मोठी कार तिथे दुसऱ्या गिअरच्या पुढे फारशी जात नाही. मोठ्या ट्रॅकसाठी बहुतेकदा दक्षिणेला उतरावे लागते : कोइंबतूरचा करी स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा मार्ग. निपाणी-संकेश्वर-बेळगावातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट या चेन्नईच्या ट्रॅकच्या परिसरातून पुढे जातो. रस्ता एकच, पण अंतर आठशे किलोमीटरच्या घरात.

मोटारसायकल वेगवान की कार, हा कट्ट्यावरचा वाद सरळ पट्ट्यावर एका बाजूने सुटतो आणि वळणात दुसऱ्या. वजनाच्या मानाने ताकद जास्त असल्याने मोटारसायकल वळणातून सुटताच पुढे निघते. मात्र ब्रेक जोरात दाबला की मागचे चाक उचलते आणि थ्रॉटल जास्त पिळला की पुढचे; तिची मर्यादा टायरइतकीच तिच्या उंचीत आणि आखूडपणात असते. वळणात तिला झुकावे लागते. पन्नास मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ऐंशी किलोमीटर ठेवायचे तर सुमारे ४५ अंशांचा झुकाव लागतो, आणि तेव्हा रस्त्याला टेकलेले असतात फक्त तळहाताएवढे दोन रबरी तुकडे. कारला चार टायर, रुंद पाया आणि शर्यतीच्या गाड्यांत गाडीला रस्त्यावर दाबून धरणारी हवाही मदतीला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये फॉर्म्युला वन कारने १ मिनिट २७ सेकंदांत फेरी मारली. २०२३ च्या मोटोजीपीत, म्हणजे मोटारसायकलींच्या अव्वल शर्यतमालिकेत, थोड्या बदललेल्या मार्गावर, सर्वांत वेगवान फेरीला सुमारे १ मिनिट ४४ सेकंद लागले. अर्थात शोरूममधून घेतलेल्या गाड्यांत हे गणित उलटू शकते : चांगल्या चालकाच्या हातातली सुपरबाइक बहुतेक घरगुती कारना सहज मागे टाकते.

शिकण्याच्या बाबतीत कार निर्विवाद सरस. प्रशिक्षक शेजारच्या सीटवर बसून 'आता ब्रेक, आता सोड' असे कानात सांगू शकतो. मोटारसायकलवर तो पुढे जाणार आणि तुम्ही त्याची वाट धरणार. चूक कळते ती पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत, परतल्यावर. उलट शरीर कुठे ठेवायचे, नजर कुठे लावायची, याची जी समज मोटारसायकलवर येते ती स्टिअरिंगमागे येत नाही.

तयारीही वेगळी. मोटारसायकलवाल्याला लेदरचा पूर्ण सूट, पाठीचे संरक्षक, बूट, मनगट झाकणारे हातमोजे लागतात. आरसे काढायचे, दिव्यांवर टेप, आणि अनेक ठिकाणी कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) साधे पाणी, कारण सांडलेले कूलंट ट्रॅक निसरडा करते. काही आयोजक ऑइल ड्रेन बोल्टला (इंजिनातले तेल काढायच्या बोल्टला) लॉकवायर, म्हणजे तो सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, मागतात. त्यासाठी बोल्टच्या डोक्यात आडवे, तारेपुरते बारीक भोक पाडावे लागते. इंजिनाचे क्रँकशाफ्ट घडवणाऱ्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम म्हणजे हातचा मळ. भोक कडेच्या फार जवळ गेले तर मात्र तार ताणताना डोक्याचा कोपरा तुटतो. कारवाल्याचे बहुधा हेल्मेट, टोइंग हुक (गाडी ओढून न्यायला), ताजे ब्रेक ऑइल आणि जाड पॅड यांवर भागते. जड कारचे ब्रेक चार-पाच फेऱ्यांतच तापून ढिले पडतात. शेवटची फेरी संथ मारून ते थंड करायचे आणि पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही.

खरा फरक चुकल्यावर कळतो. कार घसरली तर बहुतेकदा खडीत रुतते आणि दोरीने बाहेर निघते. मोटारसायकल घसरली की स्वार तिच्याबरोबर घसरतो. मागचे टायर सुटून अचानक पकडले तर तो हवेत फेकला जातो. गळपट्टीचे हाड मोडणे ही तिथली नेहमीची दुखापत. मग बेळगावपर्यंतचे आठशे किलोमीटर कोण चालवणार? म्हणून अनुभवी मंडळी मोटारसायकल टेम्पोत पट्ट्यांनी आवळून नेतात, तर कारवाले त्याच कारने, त्याच टायरवर घरी येतात. हा टेम्पोचा खर्च धरला की 'मोटारसायकल स्वस्त' हे म्हणणे निम्मे गळून पडते.

वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवरचे नुकसान खिशातूनच. तरीही बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटात गुडघा रस्त्याला टेकेपर्यंत झुकण्यापेक्षा ते परवडते : सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि घाटात समोरून येणाऱ्या ट्रकला ट्रॅकवरच्यासारखा धोक्याचा पिवळा झेंडा दाखवणारा कोणी नसतो.