स्वादुपिंडाला सूज आली, मग सीटी स्कॅन लगेच का नाही?

वरच्या पोटात कळ उठते, ती थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातून येणारं चरबी पचवणारं विकर, कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलेलं असतं. एवढ्यावर स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचं निदान होतं. तरी बाहेर बसलेले नातेवाईक विचारतातच, "सीटी स्कॅन का करत नाहीत?" प्रश्न काळजीतून येतो, म्हणून त्याचं उत्तर नीट मिळायला हवं.

पहिल्या दिवशी सोनोग्राफी मात्र करतातच. तिच्यात स्वादुपिंड बहुतेकदा धड दिसत नाही, कारण आतड्यातला वायू आड येतो. शोध असतो तो पित्ताशयातल्या खड्यांचा. हे खडे या आजाराचं मोठं कारण आहे. ते तसेच राहिले तर दुखणं पुन्हा उलटतं.

सीटीच्या वेळी शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध, देतात. रक्तपुरवठा असलेला भाग उजळतो, दाहामुळे मेलेला स्वादुपिंडाचा भाग करडाच राहतो. अडचण अशी, की पेशी मरण्याची ही क्रिया पुरती दिसायला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशीचा स्कॅन बरा दिसतो आणि खोटा दिलासा देतो. म्हणून साधारण ७२ ते ९६ तासांनी काढलेला स्कॅन जास्त खरं सांगतो. निदानच शंकास्पद असेल, आतडं फुटल्याची भीती असेल, तर अर्थात थांबायचं नाही. आणि सौम्य दाहात रुग्ण आठवड्याभरात सावरतो, त्याला सीटी लागतही नाही.

गंभीर रुग्णात पुढचे स्कॅन फार मोलाचे. ग्रंथीभोवती साचलेल्या द्रवात वायूचे काळे बुडबुडे दिसले, तर जंतुसंसर्गाचा दाट संशय येतो. पूर्वी अशा वेळी घाईने पोट उघडत. आता प्रकृती साथ देत असेल तर अँटिबायोटिक देऊन साधारण चार आठवडे थांबतात, तोवर साचलेल्या भागाभोवती भिंत धरते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत असं थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के रुग्णांना साचलेला द्रव काढायला नळी घालावीच लागली नाही.

घालावी लागलीच, तर आधी एमआरआय उपयोगी पडतो. सीटीत द्रव आणि मेलेल्या ऊतींचे तुकडे बरेचसे सारखेच दिसतात, एमआरआयमध्ये ते वेगळे कळतात. द्रव बारीक नळीतून वाहून येतो. तुकडे तिच्यात अडकतात, आणि मग जठराच्या भिंतीतून दुर्बिणीने वाट करून ते काढावे लागतात.