ॲम्ब्युलन्सची कॅम्पर करायची? करवत ठेवा बाजूला, आधी आरसी बघा

दिवाळी सरली की माझ्या नागपुरातल्या आरटीओचे अर्ज भरायच्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. मोबाइलवर फोटो दाखवतं. आत प्लायचा ओटा, घडीचा पलंग, मागच्या दाराला मच्छरजाळी आणि कोपऱ्यात ऑक्सिजन सिलिंडर बांधायचा जुना पट्टा अजून लटकलेला. "भाऊ, गाडी तं मस्त बनली. आता फक्त आरसीवर कॅम्पर लिहून द्या." मग मला त्याला सांगावं लागतं की गाडी बनवून झाली, हीच खरी अडचण आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरची नोंद जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जो बदल चालतो, त्याचीही मंजुरी आधी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. मान्यता नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लोक वाचत नाहीत. छत कापून खिडकी बसवली, वर एसी चढवला, मधली भिंत काढली, तर ते तीन बदल झाले.

तरी 'बदल' म्हणजे काय हेही कायद्यात लिहिलं आहे. रचना बदलल्याने गाडीचं मूळ स्वरूप बदलणं म्हणजे बदल. गादी अंथरली आणि उतरवली, तर तो नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गाडी आधी कुणाची होती?

सौदा करताना लोक टायर बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात. आरसीवरचं मालकाचं नाव कुणी वाचत नाही. पुढचं सगळं त्या नावावर ठरतं.

खासगी दवाखान्याची असेल तर त्यातल्या त्यात सोपं. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, सही करणाऱ्याला अधिकार दिल्याचं पत्र, कर्ज असेल तर ती नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा ना-हरकत दाखला. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत.

ट्रस्टची असेल तर गाडी विकायचा ठराव मागा. त्याआधी गाडीच्या दोन्ही बाजू नीट वाचा. 'खासदार स्थानिक विकास निधीतून' असं रंगवलेलं दिसलं तर तिथेच थांबा. त्या निधीतल्या ॲम्ब्युलन्सची मालकी जिल्हा प्रशासनाकडे असते, ट्रस्टकडे ती फक्त चालवायला दिलेली असते. अध्यक्षांनी सही केली, चहा पाजला, पैसे घेतले, तरी जे त्यांचं नाही ते त्यांना विकता येत नाही. पांढरा रंग मारून ती ओळ झाकलेली गाडीही माझ्याकडे आली आहे. उन्हात तिरकं उभं राहून पाहिलं की अक्षरं दिसतात.

सरकारी किंवा महापालिकेची गाडी लिलावात घेतलेली असेल, तर सगळ्यात जास्त लोक इथे आपटतात.

पहिली अडचण वयाची. केंद्राच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून केंद्र, राज्य, महापालिका आणि सरकारी उपक्रमांच्या मालकीच्या गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर टिकत नाही. आधी नूतनीकरण करून ठेवलेलं असलं तरीही नाही. अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रातच जाते. १५ वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून, लिलावाच्या किंवा तुम्ही गाडी घरी आणली त्या तारखेपासून नाही. राज्यातली १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली ९३७ गाड्या घेऊन सुरू झाली. 'त्या निघतील तेव्हा एक घेऊ' म्हणून वाट बघणारे बरेच आहेत. त्यांनी हिशेब करावा. ज्या गाडीच्या आरसीवर मालक म्हणून शासन आहे आणि जिची नोंद २०१४ ची आहे, ती २०२९ मध्ये भंगार केंद्राची.

(दिल्ली परिसरात डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा घातली गेली, ते वाचून इथले लोक घाबरतात. तो नियम तिथला आहे, नागपूरला लागत नाही.)

दुसरी अडचण शब्दाची. लिलावाच्या जाहिरातीत 'निर्लेखित वाहन' असं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'भंगार म्हणून'. निर्लेखन म्हणजे कार्यालयाने ती वस्तू आपल्या हिशेबातून काढली. तेवढ्यावरून नोंदणी रद्द झाली असं होत नाही. पण भंगार म्हणून विकताना नोंदणी रद्द केलेली असेल, तर तुम्ही लोखंड घेतलंय. बोली लावण्याआधी लेखी विचारा की आरसी चालू आहे का आणि ती हातात मिळणार का.

तिसरी अडचण म्हणजे जो कागद कुणाकडेच नसतो तो. सरकारी लिलावातल्या गाडीला फॉर्म २९-३० नाही, फॉर्म ३२ लागतो, ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत. सोबत आरसी, विमा, विक्री तुमच्या नावे कायम केल्याचं पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. पावती सगळ्यांकडे असते, आदेश कुणाकडेच नसतो. लिलाव घेणारं खातं म्हणतं, तो आमचा अंतर्गत कागद आहे. आरटीओ म्हणतं, नियम ५७ मध्ये लिहिलंय, आणा. या दोन वाक्यांच्या मध्ये माणसाचे ३० दिवस संपतात. पैसे भरायच्या दिवशीच, भरण्याआधी, त्या प्रतीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पैसे भरल्यावर तुम्हाला कुणी विचारत नाही.

नावावर करताना

नागपुरात शहराची दोन कार्यालयं आहेत, एमएच-३१ आणि पूर्वेचं एमएच-४९. कामठी-हिंगण्याकडचे लोक ग्रामीणला, म्हणजे एमएच-४० ला. गाडीवर कोणताही नंबर असो, नावबदलाचं काम तुमच्या राहत्या पत्त्याच्या कार्यालयात. गाडी शिवनी-छिंदवाड्याकडची असेल तर आधी फॉर्म २८ वर तिकडचा ना-हरकत दाखला.

अर्ज 'वाहन' पोर्टलवर. तो दहा मिनिटांचा आहे. अडतो ओटीपी. आरसीला जोडलेला मोबाइल बहुतेक वेळा दवाखान्याच्या कुण्या जुन्या व्यवस्थापकाचा असतो, जो नोकरी सोडून पुण्याला गेला. विकणारा समोर आहे तोवर नंबर बदलून घ्या. थकीत चलानं बघा. पेशंट घेऊन सुसाट गेलेल्या गाडीवर वेगाची चलानं निघालेली असतात आणि ती माफ करून घेण्याचे कष्ट कुणी घेतलेले नसतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. दवाखान्याच्या आवारात दोन वर्षं कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीचं फिटनेस, पीयूसी, विमा सगळं संपलेलं असतं. तो खर्च गाडीच्या किमतीतून कापून घ्या.

खरी अडचण : मंजुरी

राहण्याची सोय असलेल्या गाडीला नियमात 'मोटर कॅराव्हॅन' म्हणतात आणि तिचा मानक एआयएस-१२४ आहे. ॲम्ब्युलन्सचा वेगळा, एआयएस-१२५. म्हणजे तुमची गाडी एका मानकातून उचलून दुसऱ्यात बसवायची आहे. कॅराव्हॅन म्हणवून घ्यायला किमान चार गोष्टी हव्यात : बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची सोय. आणि या पक्क्या बसवलेल्या हव्यात, टेबल तेवढं काढता येणारं चालतं. गादी टाकली, शेगडी ठेवली आणि दोन क्रेट ठेवले, याला कॅराव्हॅन म्हणत नाहीत.

मानकाप्रमाणे बनवलंय हे ठरवणार कोण? वाडीचा किंवा ऑटोमोटिव्ह चौकातला मिस्त्री नव्हे, त्याचा हात कितीही चांगला असो. पुण्यातल्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते, आणि ती विशिष्ट मॉडेलला आणि विशिष्ट रचनेला मिळते. म्हणून पहिला फोन बॉडी बिल्डरला करा आणि एकच प्रश्न विचारा : माझ्याच मॉडेलवर कॅराव्हॅनची मान्यता तुमच्याकडे आहे का, आणि तिची प्रत देणार का? "सगळं होते भाऊ, आपली सेटिंग आहे" हे उत्तर आलं तर फोन ठेवा. सेटिंग आरसीवर छापत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सेटिंगला विचारतही नाही.

एकट्या गाडीसाठी चाचणी संस्थेकडे जायला कुणाला बंदी नाही, पण तो खर्च आणि वेळ जुन्या ॲम्ब्युलन्सच्या किमतीला झेपत नाही. माझं मत विचाराल तर ज्यांना वर्षातून चारदा पेंच, खिंडसी, चिखलदरा करायचंय त्यांनी खासगी नोंदणीची साधी गाडी घ्यावी आणि आत काढता-घालता येईल असं सामान ठेवावं. रचना बदलत नाही, म्हणून कलम ५२ ची भानगड नाही. ॲम्ब्युलन्सचा मोह उंच छपराचा असतो, मला कळतं. आत उभं राहता येतं. पण त्या छपरासाठी वर्षभर चकरा मारलेली माणसं मी पाहिली आहेत.

मान्यता मिळाली, तर अर्ज दोन करायचे. इथे पुन्हा नकार येतो, कारण लोक एकच करतात. केंद्राच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत ॲम्ब्युलन्स परिवहन वाहनांत आहे आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वाहनांत. म्हणून गाडीची बॉडी बदलली त्याचा 'अल्टरेशन'चा अर्ज वेगळा आणि वर्ग बदलला त्याचा 'कन्व्हर्जन'चा वेगळा. पहिल्याची मंजुरी हातात आल्यावरच गाडी गॅरेजात घाला. काम झालं की १४ दिवसांत कळवायचं. ते १४ दिवस काम पूर्ण झाल्यापासून मोजतात, मंजुरीच्या तारखेपासून नाही. म्हणून गॅरेजच्या बिलावर काम पूर्ण झाल्याची खरी तारीख टाकून घ्या. पडदे शिवायचे राहिले म्हणून महिनाभर थांबू नका.

भाड्याने द्यायची असेल तर हा रस्ता तुमचा नाहीच. गाडी परिवहन वर्गातच राहते, परमिट लागतं, आणि राज्याच्या २०२१ च्या कॅराव्हॅन धोरणाखालची पर्यटन विभागाची नोंदणी वेगळी.

तपासणीच्या दिवशी

दिवा, सायरन, उलट्या अक्षरांतली ॲम्ब्युलन्सची पाटी काढलेली हवी. सायरन नुसता बंद करून ठेवलेला चालत नाही, वायरिंगसकट काढा. लाल क्रॉसही खरवडा, तो जिनिव्हा करार कायदा १९६० खाली संरक्षित आहे. खिडक्यांची दुधी फिल्म काढा. वजनकाट्याची ताजी पावती घ्या, कारण ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्यांनी रिकाम्या गाडीचं वजन बदललेलं असतं. मे महिन्यात ४५ अंशांत झोपायचं म्हणून छतावर एसी आणि सोलर चढवता, तो उंचीत मोजला जातो. मंजूर नकाशात नसेल तर उतरवायला लावतात, आणि ते बरोबर आहे.

ॲम्ब्युलन्स म्हणून करात सवलत होती तर ती वापराबरोबर संपते, फरक भरावा लागतो. टोलमाफीही संपली, नवा फास्टॅग घ्या. १५ वर्षांपुढच्या खासगी गाडीला पर्यावरण कर आणि पाच वर्षांचं नूतनीकरण, फॉर्म २५ वर. विमा कंपनीला मालकी बदलल्याचं १४ दिवसांत आणि वर्ग बदलल्याचं नवी आरसी येताच कळवा. जुन्या ॲम्ब्युलन्सच्या पॉलिसीवर ताडोबाला जाऊ नका.

राहिला चेसिस नंबर. निरीक्षक तो डोळ्यांनी बघतो, पेन्सिल प्रिंटही, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून काढलेला ठसाही मागितला जातो. फ्लोअरिंग टाकण्याआधी नंबर कुठे ठोकलाय ते शोधा, फोटो काढा आणि तिथे उघडणारी झडप ठेवा. मागच्या हिवाळ्यात एका गृहस्थांना कार्यालयाच्या आवारात स्वतःचाच नवाकोरा सागवानी ओटा उखडावा लागला. सोबत स्क्रू-ड्रायव्हरही नव्हता, तो शेजारच्या रिक्षावाल्याने दिला.