कोकणातले शरीररचनाशास्त्र विभाग: पार्श्वभूमी

पणजीची पोर्तुगीज वैद्यकशाळा 1842 ची. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीन वर्षांनी आलं. ग्रँटच्या पहिल्या तुकडीतले भाऊ दाजी लाड मूळचे पेडण्याकडच्या मांद्र्याचे. कोकणातल्या पोरानं डॉक्टर व्हायचं तर मुंबई गाठायची, ही वहिवाट तेव्हापासूनची. महाराष्ट्राच्या बाजूला ती मोडायला फारच वेळ लागला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डेरवणचं मेडिकल कॉलेज 2015 मध्ये सुरू झालं, अलिबाग आणि सिंधुदुर्गातल्या ओरोसची सरकारी कॉलेजं 2021-22 मध्ये, रत्नागिरीचं 2023 मध्ये.

इमारत आणि विद्यार्थ्यांच्या जागा मंजूर झाल्या म्हणजे विभाग झाला, असं मात्र नाही. शरीररचनेतलं बरंच संशोधन मोजमापाचं असतं. मांडीच्या हाडात रक्तवाहिनी शिरते ते छिद्र कुठे आहे, किती आहेत, कोणत्या दिशेला वळलंय, हे कॅलिपर (अंतर मोजायचं साधन) घेऊन नोंदवायचं. हाड जोडताना त्याचा रक्तपुरवठा कसा वाचवायचा, हे सर्जनला त्यावरून कळतं. पण चार हाडांवर असा निबंध उभा राहत नाही, ढिगानं लागतात. जुन्या विभागांकडे तो साठा डिसेक्शन (शिकण्यासाठीची चिरफाड) झालेल्या शवांमधून वर्षानुवर्षं जमत गेला. नव्यांची पेटी अजून भरायचीय.

आणि सगळ्याचं मूळ शव. मांडीतल्या किंवा मानेतल्या रोहिणीतून फॉर्मालिन, ग्लिसरीन, फिनॉल यांचं मिश्रण शरीरभर खेळवतात. फॉर्मालिननं ऊती टिकतात हे 1893 मध्ये लक्षात आलं. त्याआधी आपल्या उकाड्यात विद्यार्थ्यांनी काय सोसलं असेल, कल्पनाच केलेली बरी. कोकणातला पावसाळा आजही पिच्छा सोडत नाही. दमट हवेत उघड्या कातडीवर बुरशी धरते, म्हणून डिसेक्शन संपलं की ओलं फडकं टाकून वर प्लास्टिक घट्ट गुंडाळायचं.

शव आणायचं कुठून? 1949 च्या बॉम्बे अॅनाटॉमी अॅक्टनं बेवारस मृतदेह कॉलेजांना मिळण्याची वाट करून दिली. माझ्या मते खरा भरवसा मात्र देहदानावरच ठेवावा लागेल: बेवारस देहांच्या भरवशावर विभाग चालवणं गरिबाच्या मरणावर विसंबण्यासारखं आहे. त्यात गावाकडे अडचण वेगळीच. हयातीत फॉर्म भरलेला असला तरी वेळेला निर्णय घरचेच घेतात. मुंबईचा मुलगा पोहोचेपर्यंत तास उलटतात, आणि पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत. नेत्रदान केलेला देह मात्र चालतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं.